नगरवैद्य पॅट्रिक गेडिस

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक नियम पाठ करावा लागतो. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात; एका खात्याला रक्कम नावे पडली की ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला जमा व्हावीच लागते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला रस्ता रुंद झाला तेव्हा मला हा नियम आठवला. रस्त्याकडेची घरे पुढून दहा-दहा फूट कापली गेली. घरमालकांना कमी-अधिक मोबदला मिळाला. पण पुढच्या खोलीत पंधरा वर्षे भाड्याने राहून शिवणकाम करणाऱ्या काकांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. ते मागच्या बोळात खोली शोधू लागले. त्यांच्यासारखेच आणखी सात-आठ जण तिथेच शोधू लागले, आणि पाहता पाहता त्या बोळातली भाडी चढली. रस्त्याला किती खर्च आला ते कागदोपत्री नोंदले गेले. बोळातल्या माणसांनी दरमहा जे जास्त मोजले ते मात्र कोणत्याच वहीत चढले नाही.

ही न लिहिलेली बाजू शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या गल्लीबोळांतून हिंडून ज्याने दाखवून दिली, त्या माणसाची ही ओळख आहे. तो इंजिनिअर नव्हता, अर्थशास्त्रज्ञही नव्हता. तो होता वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर या गावी झाला. तारीख गांधीजयंतीची, वयाने ते महात्माजींपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. वडील सैन्यातले. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ या गावाजवळ टेकडीवरच्या एका छोट्या घरात राहायला आले. घराला बाग होती आणि तिथून खाली सगळे गाव, नदी आणि शेते एका दृष्टिक्षेपात दिसत. पुढे आयुष्यभर शहर पाहण्याची त्यांची जी रीत होती, म्हणजे आधी उंचावर जाऊन सगळे एकत्र पाहायचे आणि मग खाली उतरून एकेक घर पाहायचे, तिचे मूळ या टेकडीत असावे.

शिक्षण संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी पर्थच्या एका बँकेत सुमारे दीड वर्ष नोकरी केली. आपल्यापैकी पुष्कळांचे जे ध्येय असते ते त्यांना सहज मिळाले होते. पण मन रमेना. बँक सोडून ते एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेले आणि तिथली शिकवण्याची पद्धत न आवडल्याने आठवड्याभरात परतले. मग लंडनला प्रसिद्ध शास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. एवढे शिकूनही त्यांनी पदवी परीक्षा कधी दिली नाही. परीक्षा जवळ आली की ही गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांना फार दिलासा देते. मात्र ते किती वाचीत असत हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

1879 साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून पडून राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाला याहून मोठा आघात कोणता? खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपडत ते विचार मांडू लागले. एका चौकटीत स्थळ, दुसरीत काम, तिसरीत लोक. या तिन्हींचा परस्परांशी संबंध काय? पुढे दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर पूर्वीसारखे काम करणे जमेना. मग झाडापानांकडे पाहणारी नजर माणसांच्या वस्तीकडे वळली. झाड जसे माती, पाणी आणि उजेड यांच्यापासून वेगळे काढून समजत नाही, तसा माणूसही त्याचे घर आणि त्याचा धंदा यांच्यापासून वेगळा काढून समजत नाही, हा त्यांच्या साऱ्या विचाराचा पाया झाला.

त्या काळचे एडिंबरो ही दोन शहरे होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरळ रस्त्यांचे आणि प्रशस्त घरांचे नवे शहर वसू लागले आणि पैसेवाले तिकडे निघून गेले. किल्ल्याच्या उतारावरच्या जुन्या शहरात गरीब उरले. तिथे सात-सात, आठ-आठ मजल्यांच्या दगडी इमारती, मध्ये अरुंद बोळ, एकेका खोलीत एकेक कुटुंब. 1861 साली त्यातली एक इमारत रात्री कोसळून 35 माणसे दगावली. त्यानंतर 1867 साली सुधारणेचा कायदा झाला आणि जुन्या वस्त्या पाडून नवे रस्ते काढण्याचे काम जोरात सुरू झाले. ज्यांची घरे पडली ती माणसे उरलेल्या पडक्या घरांत आणखी दाटीने राहू लागली.

गेडिस 1880 पासून एडिंबरोत शिकवीत होते. 1886 साली अ‍ॅना मॉर्टन या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. प्राध्यापकाने नव्या शहरात घर करावे अशी रीत होती. या जोडप्याने ती मोडली आणि जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या दाट वस्तीत बिऱ्हाड थाटले. तिथे त्यांनी सभा भरवली नाही की पत्रके वाटली नाहीत. आधी स्वतःच्या खोल्या घासून, चुना लावून स्वच्छ केल्या, खिडकीत फुलांची कुंडी ठेवली, मग शेजाऱ्यांना हाताशी घेऊन जिना धुतला, अंगण साफ केले. मोडकळीस आलेली एखादीच इमारत काढून टाकली की आसपासच्या दहा घरांत ऊन आणि वारा येतो, हे त्यांना तिथे राहून कळले. ही गोष्ट नकाशावर दिसत नाही. त्यासाठी त्या जिन्याने रोज चढावे-उतरावे लागते.

याच परिसरातल्या जुन्या घरांची डागडुजी करून 1887 साली त्यांनी विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. त्यात अधीक्षक नव्हता. विद्यार्थीच आपला कारभार पाहत. पाठोपाठ किल्ल्याजवळ रॅमसे गार्डन ही वसाहत उभी राहिली आणि 1892 साली त्यांनी आउटलुक टॉवर हा मनोरा घेतला. मनोऱ्याच्या माथ्यावरून सगळे शहर पाहायचे, मग एकेक मजला उतरत शहर, देश, युरोप आणि जग यांचा अभ्यास करायचा, अशी त्याची रचना होती.

पण आमच्या शाखेच्या दृष्टीने येथे एक कबुली द्यायला हवी. बँकेत काम केलेल्या या माणसाला पैशाचा हिशेब कधीच ठेवता आला नाही. घरामागून घर घेत गेल्याने कर्ज इतके वाढले की अ‍ॅनाबाई काळजीत पडल्या. शेवटी 1896 साली मित्रांनी भागभांडवल गोळा करून एक मर्यादित कंपनी स्थापन केली आणि मालमत्ता तिच्या हाती सोपवली, तेव्हा गेडिस सावरले. पोटापाण्यासाठी 1888 पासून त्यांच्याकडे डंडीच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद होते. तिथे फक्त उन्हाळ्याच्या सत्रात शिकवायचे असल्यामुळे उरलेले वर्ष त्यांना शहरांसाठी मोकळे मिळे.

1914 साली वयाच्या साठाव्या वर्षी गेडिस हिंदुस्थानात आले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना बोलावले होते. नगररचनेचे नकाशे आणि चित्रे यांचे एक मोठे प्रदर्शन त्यांनी वर्षानुवर्षे खपून जमवले होते. ते ज्या जहाजातून येत होते ते जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. आयुष्याची कमाई समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. गेडिस यांनी मित्रांना पत्रे धाडून नवे नकाशे मागवले आणि जानेवारी 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडले.

पुढली काही वर्षे हा दाढीवाला म्हातारा साहेब पायी हिंडत राहिला. तंजावर, मदुरा, आपल्या शेजारचे बळ्ळारी, तिकडे लाहोर, लखनौ, बलरामपूर, आणि मराठी माणसांच्या जिव्हाळ्याची बडोदा व इंदूर ही शहरे त्यांनी पाहिली व त्यांवर अहवाल लिहिले. त्या काळी शहरसुधारणेचा एक ठरलेला साचा होता. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याच्या नियोजित वसाहतीही त्याच संस्थेच्या, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु सुरुवातीच्या वर्षांत जितक्या लोकांची घरे पाडली गेली तितक्यांना नवी घरे मिळाली नाहीत. हाच साचा इतर शहरे गिरवू लागली. नकाशावर पट्टी ठेवायची, सरळ रेघ ओढायची आणि रेघेखाली येईल ते पाडायचे.

गेडिस यांचा आक्षेप असा होता. समजा, एका वस्तीतली शंभर घरे पाडली. ती शंभर कुटुंबे हवेत विरत नाहीत. त्यांचे काम जवळच असते. गिरणी, बाजार, धुणीभांड्याची घरे सोडून त्यांना लांब जाता येत नाही. म्हणून ती शेजारच्या वस्तीत खोली शोधतात. घरे शंभराने कमी झाली आणि माणसे तेवढीच राहिली, म्हणजे भाडे चढणारच. चढलेले भाडे परवडावे म्हणून लोक खोलीत पडदा टाकून अर्धी जागा दुसऱ्याला देतात. दाटी वाढते, दाटीबरोबर रोग वाढतो आणि काही वर्षांनी तीच शेजारची वस्ती गलिच्छ ठरून पाडण्याच्या यादीत येते. म्हणजे दाटी घालवण्याच्या योजनेनेच दाटी निर्माण केली! मागणी आणि पुरवठा यांचा नियम आम्ही परीक्षेत आलेख काढून लिहितो. गेडिस यांनी तो गल्लीत उभे राहून पाहिला.

त्यांचा स्वतःचा उपाय वैद्याचा होता. आधी नाडी पाहायची, मग औषध द्यायचे. म्हणून योजनेआधी पाहणी. पाहणी म्हणजे प्रत्येक घर, विहीर, झाड, देऊळ आणि पडीक जागा नकाशावर मांडायची. असे केले की वस्तीत पुष्कळ मोकळ्या, पडक्या जागा असल्याचे ध्यानात येते. त्या जोडून छोटे चौक करायचे, अगदीच राहण्यायोग्य नसलेली मोजकी घरे काढायची, बोळ जिथे तुंबतो तिथेच मोकळा करायचा, चौकात झाड लावायचे. या पद्धतीला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. वाहतुकीचे हमरस्ते हवेत, हे त्यांना मान्य होते. पण राहत्या गल्ल्या उगाच रुंद करू नयेत, कारण रस्त्याखाली गेलेली प्रत्येक फूट जमीन घरांच्या वाट्यातून जाते आणि त्या रस्त्याचा खर्च शेवटी घरपट्टीत किंवा भाड्यात उतरतो. डासांच्या भीतीने गावतळी बुजवण्यालाही त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातील, असा साधा सल्ला ते देत. त्यांच्या योजनांचा खर्च सरळ रेघेच्या योजनेच्या मानाने फार कमी येई. मोठे काम आणि मोठी बिले यांची सवय असलेल्यांना त्या आवडल्या नाहीत यात नवल नाही.

1917 हे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वांत काळे वर्ष. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी अ‍ॅनाबाई भारतातच आजारी होत्या. त्यांना हा धक्का सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी बातमी लपवली आणि मुलाची जुनी पत्रे त्यांना वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये अ‍ॅनाबाईही गेल्या. जेम्स कोर्टचा जिना जिने बरोबरीने धुतला होता ती सोबतीण परक्या देशात सोडून गेली.

अशा मनःस्थितीत हा माणूस होळकरांच्या इंदुरात काम करीत होता. शहरात प्लेग होता. गल्लीत साहेब दिसला की लोक घाबरून बाजूला होत. हाच म्हातारा घरे पाडायला आला आहे, यानेच रोग आणला आहे, अशी कुजबूज चाले. गेडिस यांनी महाराजांकडे एक अजब परवानगी मागितली, एका दिवसापुरती महाराजांचे अधिकार वापरण्याची. ती मिळाल्यावर त्यांनी दवंडी पिटवली. यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत जास्त साफ आणि दुरुस्त झालेली असतील तेथूनच ती जाईल. घरातली अडगळ फुकट उचलून नेली जाईल. झाले! गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. भिंतींना चुना लागला, कौले सारखी झाली, वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर पडला.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. पण पडक्या घरांचे देखावे होते, घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा एक भला मोठा उंदीर होता. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार आले. अंगावर नवे पांढरे कपडे, झाडूंना फुलांच्या माळा, गाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले. ज्यांना एरवी लोक वाट देत नसत त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मानाची जागा मिळाली. मागून नगरदेवतेचा रथ आणि सुधारलेल्या शहराची चित्रे आली. लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली आणि शेवटी राक्षसाचे दहन झाले. प्लेग ओसरला, त्यात ऋतूचाही हात असेल. पण ज्या गल्लीने साहेबाला अपशकुनी ठरवले होते त्याच गल्लीने न पाडता, न हलवता आपली घरे स्वतः नीट केली. बायको आणि मुलगा गमावून सहा-सात महिनेही न झालेल्या माणसाने दुसऱ्यांची दिवाळी अशी साजरी केली, हे वाचताना माझा गळा दाटून आला.

1918 साली इंदूरचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. नद्यांचे काठ, गिरण्यांचा भाग, कामगारांची घरे, सगळेच त्यात आहे. गरिबाच्या घराबद्दल त्यांचा आग्रह एका गोष्टीवर होता. घराचे खरे मोल जागेत आहे, विटा-सिमेंटात नाही. कुटुंबाला आधी पुरेशी जागा द्या. घर कच्चे असले तरी चालेल, कमाई वाढेल तसे ते पक्के होत जाईल.

1919 ते 1924 या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. मालवणचे गो. स. घुर्ये यांना त्यांनीच हेरले. पुढे हा विभाग घुर्यांनी नावारूपाला आणला. पण गंमत पाहा. गेडिस मुंबईत शिकवीत होते त्याच वर्षांत सरकारचे डेव्हलपमेंट खाते वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या चाळी बांधत होते. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून त्यासाठी पैसा उभा केला गेला. एकेका कुटुंबाला 160 चौरस फुटांची खोली. बांधकाम भक्कम होते, पण भाडे कामगारांच्या कमाईच्या मानाने जड, आणि पहिली काही वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या. एकीकडे घराला मोताद कामगार आणि दुसरीकडे रिकाम्या खोल्या! गेडिस यांना या चाळी माणसांची गोदामे वाटत.

भारत सोडल्यावर ते फ्रान्समध्ये माँपेलिए येथे राहिले. 1925 साली त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. 1932 च्या प्रारंभी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी 17 एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले.

चरित्रलेख येथे संपवता आला असता. पण हिशेब पुरा करायचा तर एक बाजू अजून उरते. गेडिस यांनी उभारलेले रॅमसे गार्डन आज एडिंबरोतल्या महागड्या वस्त्यांपैकी एक आहे. गरिबाला तिथे खोली मिळणार नाही. त्यांच्या आराखड्यावर वाढलेले तेल अवीव 2021 साली एका जागतिक पाहणीत राहण्यासाठी सर्वांत महाग शहर ठरले. म्हणजे वस्ती चांगली झाली की जमिनीची किंमत वाढते, आणि ज्याच्या घामाने ती चांगली झाली त्यालाच ती परवडेनाशी होते. घर पडू नये कसे, हे गेडिस यांनी शिकवले. वाचलेले घर त्यातल्या भाडेकरूच्या हातून निसटू नये कसे, याचे पुरे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. वाढलेल्या किमतीचा वाटा कोणाचा, हा प्रश्न त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवला आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईतले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत असल्याचे दिसले. हा प्रश्न जुना झालेला नाही, याला आणखी पुरावा कशाला?

विद्यार्थी मित्रहो, आपल्यातले काही उद्या हिशेबनीस होतील, काही बँकेत जातील, काही नगरपालिकेच्या कचेरीत बसतील. एखाद्या रुंद रस्त्याचा किंवा नव्या संकुलाचा ताळेबंद कधीतरी आपल्यापुढे येईल. त्यात सिमेंट असेल, लोखंड असेल, मोबदला असेल. त्या वेळी एक रकाना आपल्या हाताने आखावा आणि विचारावे, या घरांत राहणारी माणसे उद्या रात्री कुठे झोपणार आणि तिथे त्यांना किती भाडे पडणार? तो रकाना कोरा असेल तर बेरीज जुळली असली तरी हिशेब चुकलेला आहे.

आमच्या गल्लीतले शिवणकाम करणारे काका आता गावाबाहेर राहतात. रोज सकाळी बस पकडून मशीनवर बसायला येतात. रस्ता रुंद झाल्यामुळे बस वेळेवर पोहोचते, असे ते हसून सांगतात.

— बी. कॉम. भाग 2, मराठी विभाग